भूमध्य समुद्रातली क्रूझ: जहाजाचं वाय-फाय न घेता किनाऱ्यावरच्या नेटवर कसं भागवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेली आई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ घेतली आहे. मार्सेय, जिनोव्हा, चिविताव्हेक्या (रोमला जाण्याचं बंदर), पालेर्मो, व्हॅलेटा, मग एक पूर्ण दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. जहाजावरच्या वाय-फायचे पैसे दर फोनमागे, दर दिवसाचे लागतात. ते न घेता फक्त बंदरात उतरल्यावर मिळणाऱ्या नेटवर भागेल का, सिम कोणतं घ्यावं, आणि बँकेचे ओटीपी कसे यायचे?

भागतं, आणि चांगलं भागतं. तुमच्या मार्गावरचे चारही देश (स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा) युरोपीय संघातले आहेत. १५ जून २०१७ पासून संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं आणि ही सोय २०३२ पर्यंत वाढवलेली आहे. म्हणजे एकच सिम सातही दिवस पुरतं. अट एवढीच, की तयारी ठाण्यातच पूर्ण झालेली असावी. जहाज बंदरात सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला निघतं. त्या आठ-नऊ तासांतला एक तास सिमच्या दुकानात आणि अर्धा तास फुकट वाय-फाय शोधण्यात गेला, तर त्या शहरासाठी उरतं काय?

सिम निवडण्याआधी मात्र खिशाला सगळ्यात मोठं भोक कुठे पडतं ते बघू, कारण चुकीचं सिम घेतल्याने होणारं नुकसान त्यापुढे किरकोळ आहे.

जहाजाचा स्वतःचा टॉवर

मोठ्या क्रूझ जहाजावर मोबाइलचं स्वतःचं नेटवर्क असतं. डेकवर आणि केबिनच्या मजल्यांवर छोटे अँटेना बसवलेले असतात आणि पुढचा सगळा व्यवहार उपग्रहातून चालतो. फोनच्या पडद्यावर ‘सेल्युलर ॲट सी’, ‘टेलेनॉर मॅरिटाइम’ किंवा नुसताच ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसतो. भारताचा मोबाइल देश-कोड जसा ४०४ किंवा ४०५, तसा ९०१ हा कोणत्याच देशाचा नसलेला, आंतरराष्ट्रीय वापरासाठी राखलेला कोड आहे. म्हणूनच तुम्ही घेतलेलं ‘युरोप’चं रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही आणि ‘घरच्याच दरात’ हा युरोपचा नियमही होत नाही. तिथे आकारणी समुद्री दराने होते, आणि तो दर एमबीच्या हिशेबात असतो, जीबीच्या नव्हे.

हे नेटवर्क बंदरात दिसत नाही, म्हणून लोक बेसावध राहतात. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमानुसार जहाजावरची मोबाइल (जीएसएम) यंत्रणा किनाऱ्यापासून २ सागरी मैलांच्या (सुमारे ३.७ किलोमीटर) आत चालवायची नसते, आणि २ ते १२ मैलांच्या पट्ट्यात फक्त जहाजाच्या आतले अँटेना चालू ठेवता येतात. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. जहाज सहाला सुटतं, तुम्ही जेवायला खालच्या मजल्यावर जाता. पोलादी भिंतींमुळे किनाऱ्याचा सिग्नल तिथे पोचत नाही. अर्ध्या तासाच्या आत जहाजाची यंत्रणा सुरू होते, फोनला तोच सिग्नल सगळ्यात जोरदार वाटतो आणि तो आपोआप त्याला चिकटतो. खिशातल्या फोनवर दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढत असतात, ॲप अपडेट होत असतात. टेबलावर गोड पदार्थ येईपर्यंत बिल लागलेलं असतं.

उपाय सोपा आहे, पण चौघांनीही पाळायला हवा. जहाजावर परत चढताना, कार्ड स्कॅन होतं त्या दारातच विमान मोड लावायचा. त्यानंतर फक्त वाय-फाय चालू करायचं. बहुतेक क्रूझ कंपन्यांचं ॲप (दिवसाचा कार्यक्रम, जेवणाचं बुकिंग) जहाजाच्या वाय-फायवर पॅकेज न घेताही उघडतं. दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला बांधलं गेल्यावरच विमान मोड काढायचा. आईंच्या फोनची जबाबदारी मुलीकडे द्या. हा बदल रोज दोनदा आठवणीने कुणीतरी करणं गरजेचं आहे.

जोडीला भारतीय सिमचं डेटा रोमिंग घरूनच बंद करून निघा. आणि आणखी एक सेटिंग, जे बहुतेकांकडून राहून जातं: दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमचा डेटा मिळेनासा झाला, की फोन दुसऱ्या सिमचा डेटा वापरू लागतो. आयफोनमध्ये ते सेल्युलरच्या पानावर ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ या नावाने आहे, सॅमसंगमध्ये सिम मॅनेजरमध्ये ऑटो डेटा स्विचिंग या नावाने. ते बंद करा. ते चालू आणि भारतीय सिमचं रोमिंगही चालू असं एकत्र आलं, तर युरोपचं सिम घेऊनही बिल भारतीय नंबरवर येतं.

ई-सिम: तुमच्यासाठी हाच मार्ग

ई-सिम म्हणजे कार्ड न घालता, विक्रेत्याने ई-मेलने पाठवलेला क्यूआर कोड टिपून फोनमध्ये बसवायचं सिम. चौघांसाठी चार घेऊ नका. एकच घेऊन सगळ्यांना हॉटस्पॉट देण्याचा मोहही टाळा, कारण पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात दोघं एकीकडे आणि दोघं दुसरीकडे गेले की अर्धं कुटुंब संपर्काबाहेर जातं. दोन फोनवर दोन ई-सिम, आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला हॉटस्पॉट द्यायचा: या चौघांना हे बरोबर बसतं.

फोन ई-सिम घेतो का हे कळायला *#०६# डायल करा. आयएमईआयबरोबर (फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर) ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर घेतो. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून पुढे ही सोय आहे. चीनमध्ये विकलेल्या बहुतेक आयफोनमध्ये नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला फोन असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, तो तिथल्या कंपनीला बांधलेला (लॉक) तर नाही ना. दुसरी, अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून पुढे सिमचा खाचाच नाही. अशा फोनमध्ये तुमचा भारतीय नंबर आधीच ई-सिमवर असणार. दुसरं ई-सिम त्याच्या जोडीला बसतं, फक्त पहिलं चुकून पुसू नका.

घेताना तीन गोष्टी वाचा. देशांच्या यादीत माल्टा आहे का. स्वस्त योजनांच्या यादीतून नेमका तोच छोटा देश गळलेला असू शकतो. हॉटस्पॉटची परवानगी आहे का. आणि मुदत कधीपासून मोजतात: फोनमध्ये बसवल्यापासून की युरोपातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून. दुसऱ्या प्रकारचं असेल तर ठाण्यातच आठवडाभर आधी बसवून ठेवता येतं. पहिल्या प्रकारचं असेल तर निघायच्या दिवशी घरच्या वाय-फायवर बसवा. क्यूआर कोड शक्यतो दुसऱ्याच पडद्यावर उघडा, कारण ज्या फोनमध्ये बसवायचं त्याच फोनवर तो कोड असेल तर कॅमेऱ्याने तो टिपणार कसा? तो कोड बहुधा एकदाच चालतो. चुकून ई-सिम काढून टाकलं तर तोच कोड पुन्हा वापरता येईल याची खात्री नसते.

‘अमर्याद’ असं लिहिलेल्या योजनांचा मोह नको. दिवसाचा एक ठरावीक वापर झाला की त्यांचा वेग उतरतो, आणि हॉटस्पॉटवर वेगळी मर्यादा असते. मोजून मिळणारे १० जीबी या कामाला जास्त भरवशाचे.

बार्सिलोनाच्या एल प्राट विमानतळावर उतरल्यावर क्रम असा ठेवा. ई-सिमची लाइन (तिला घरीच ‘युरोप’ असं नाव देऊन ठेवा) चालू करा, मोबाइल डेटासाठी तीच निवडा, आणि त्या लाइनचं डेटा रोमिंग चालू करा. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. प्रवासी ई-सिम मुळात कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं, म्हणजे स्पेनमध्ये तेही रोमिंगवरच असतं. ‘रोमिंग म्हणजे खर्च’ या धास्तीने लोक दोन्ही लाइनचं रोमिंग बंद ठेवतात आणि मग सिग्नलच्या पूर्ण काड्या दिसूनही नेट चालत नाही. भारतीय लाइनचं बंद, युरोप लाइनचं चालू, हे कागदावर लिहून ठेवा.

तरीही चाललं नाही तर विक्रेत्याच्या ई-मेलमधलं एपीएन (फोनला नेटशी जोडणारी सेटिंग) हाताने भरा. मग नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी यादीतून एकेक करून बघा, कारण त्या ई-सिमचा करार एखाद्याच कंपनीशी असू शकतो. शेवटी फोन बंद करून चालू करा. हे सगळं विमानतळावरच करायचं, कारण तिथलं वाय-फाय मोफत आहे आणि विक्रेत्याच्या मदत कक्षाशी बोलता येतं. एक दिवस आधी बार्सिलोनाला पोचण्याचा सल्ला जहाज चुकू नये म्हणून देतात. नेटची चाचणी घ्यायलाही तो दिवस फार उपयोगी पडतो.

अशा ई-सिमचा डेटा स्पेनमधून थेट बाहेर पडत नाही, तो मूळ कंपनीच्या देशाला वळसा घालून जातो. त्यामुळे गूगल अनोळखी भाषेत उघडणं, व्हॉट्सॲप कॉलमध्ये आवाज किंचित उशिरा येणं, किंवा एखाद्या बँकेच्या ॲपने ‘तुम्ही वेगळ्याच देशातून येत आहात’ म्हणून अडवणं घडू शकतं. यात बिघाड काही नाही.

दुकानातलं सिम

फोन ई-सिम घेत नसेल तर हाच पर्याय उरतो, आणि तो बार्सिलोनातच उरकावा. स्पेनमध्ये २००७ च्या कायद्यानुसार प्रीपेड सिमला ओळखपत्राची नोंद सक्तीची आहे, म्हणून मूळ पासपोर्ट घेऊन जा. रविवारी शहरातली बरीच दुकानं बंद असतात. इटलीत सिम घेणं जास्त कटकटीचं आहे. तिथे ‘कोदिचे फिस्काले’ हा करदात्याचा क्रमांक मागतात. दुकानदार जन्मतारखेवरून तो तयार करून देतो खरा, पण जहाज खोळंबलेलं असताना हा वेळ परवडत नाही.

पाकिटावर ‘५० जीबी’ लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते स्पेनच्या आतले असतात. संघातल्या इतर देशांत स्वस्त योजनांना वाजवी वापराची मर्यादा लावता येते. तिचं गणित ठरलेलं आहे: योजनेची करवजा किंमत भागिले घाऊक दराची (रोमिंगसाठी एका कंपनीने दुसरीला लावायच्या दराची) कमाल मर्यादा, आणि येणारं उत्तर गुणिले दोन, किमान एवढा डेटा रोमिंगमध्ये द्यावा लागतो. २०२६ साठी घाऊक मर्यादा जीबीला १.१० युरो आहे. समजा योजना १० युरोची आहे. स्पेनचा २१ टक्के कर वजा केल्यावर राहिले ८.२६ युरो. त्याला १.१० ने भागून दुप्पट केलं की साधारण १५ जीबी. म्हणजे मार्सेय ते व्हॅलेटा तुम्हाला ५० नव्हे, १५ जीबीचा भरवसा आहे. दोघांना एवढं पुष्कळ झालं. पाकिटाच्या मागे हा आकडा वेगळा छापलेला असतो. तो दाखवायला सांगा.

आणि भारतीय सिम काढून त्या जागी हे घालायचं असेल तर थांबा. यूपीआय आणि बऱ्याच बँकांची ॲप नोंदवलेलं सिम फोनमध्ये आहे का हे तपासतात. सिम काढलं की ॲप पुन्हा नोंदणी मागतं, आणि नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. दुसऱ्या खाचात घाला, किंवा एखादा जुना सुटा फोन केवळ हॉटस्पॉटसाठी बरोबर न्या. हा जुन्या फोनचा उपाय आईंसारख्यांसाठी खरोखर चांगला आहे: त्यांच्या फोनला हातच लावायचा नाही.

व्हॉट्सॲपने ‘नवा नंबर दिसतोय, बदलू का?’ असं विचारलं तर जुनाच ठेवा.

ओटीपी

भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या. प्रीपेड असेल तर त्यासाठी शिल्लक किंवा पॅक लागतं का, हे कंपनीच्या ॲपमध्ये बघा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. डेटा बंद असला तरी एसएमएस येतो, कारण त्याला फक्त नेटवर्कवर नोंद लागते. येणारा कॉल उचलला मात्र मिनिटामागे आकार लागतो, म्हणून कर्ज विकणाऱ्यांचे फोन तिकडे उचलायचे नाहीत हे आईंना सांगून ठेवा.

जहाजावर विमान मोड असल्याने ओटीपी येणार नाही, मग उगाच चालू करून बघायचाही नाही. बँकेची कामं दिवसा बंदरात. जहाजावरच्या खर्चाला अडचण येत नाही. तो केबिनच्या खात्यावर चढतो आणि कार्ड सुरुवातीलाच जोडलेलं असतं. दुकानात कार्डाला पिन चालतो. ओटीपी लागतो तो ऑनलाइन खरेदीला, म्हणजे रेल्वेची तिकिटं, संग्रहालयाची वेळ, टॅक्सीचं ॲप. ही ॲप घरी असतानाच उतरवून, नंबर पडताळून, कार्ड जोडून ठेवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलाय ना, तेही त्याच वेळी बघा.

भारतीय कंपनीचं युरोप पॅक घेऊन सगळं त्यावरच चालवायचं, हा मार्ग चुकीचा नाही. ज्यांना दोन सिमची उठाठेव नको त्यांच्यासाठी तो सोयीचा आहे. फक्त पॅकचे दिवस सलग मोजले जातात, त्यामुळे समुद्रातला दिवस आणि सगळ्या रात्री वाया जातात.

फुकटचं वाय-फाय

याला मुख्य आधार मानू नका. क्रूझ टर्मिनलवर वाय-फाय असतं, पण तीन-चार हजार माणसं एकदम उतरल्यावर ते गुदमरतं. त्यापेक्षा शहरातल्या चौकात, वाचनालयात, नगरपालिकेजवळ ‘वायफायफोरईयू’ नावाचं नेटवर्क दिसतं का बघा. युरोपीय आयोगाने २०१८ पासून नगरपालिकांना प्रत्येकी १५,००० युरोची मदत देऊन ही मोफत केंद्रं उभी केली आणि त्यांवर जाहिराती नसतात. बार्सिलोनात महापालिकेचं स्वतःचंही मोफत वाय-फाय आहे.

जोडल्यावर लॉगिनचं पानच उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण बहुधा फोनमध्येच असतं: व्हीपीएन चालू असतं, अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावलेलं असतं, किंवा आयफोनमध्ये ‘प्रायव्हेट रिले’. ते तात्पुरतं बंद करा आणि ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. साधं, कुलूप नसलेलं पान असल्याने लॉगिनचं पान त्याच्या जागी हटकून येतं. काही ठिकाणी मोबाइल नंबर टाकून एसएमएसने कोड घ्यावा लागतो. अशा पानावर भारतीय नंबर स्वीकारला गेला नाही तर भांडत बसू नका, पुढे चला. बँकेचं काम मात्र मोबाइल डेटावरच करा.

जहाजावर गोव्याची आणि कोकणातली बरीच मुलं कामाला असतात. कोणत्या धक्क्याजवळ, कोणत्या कॅफेत चांगलं नेट लागतं हे त्यांना अचूक ठाऊक असतं, कारण चार तासांच्या सुट्टीत घरी व्हिडिओ कॉल करायला ती तिथेच जातात. कोकणी-मराठीत विचारलंत तर आपुलकीने सांगतात. बंदरांतले खलाशांचे क्लब मात्र त्यांच्यासाठी आहेत, तिथे आपण गर्दी करू नये.

बंदरागणिक

मार्सेयचं क्रूझ टर्मिनल जुन्या बंदरापासून बरंच दूर, उत्तरेला आहे. शटलने जोलिएतला या. मोबाइल सिग्नल सगळीकडे आहे, तिथे विशेष सांगण्यासारखं नाही. जिनोव्हाला स्तात्सिओने मारित्तिमा हे क्रूझ टर्मिनल शहराला लागूनच आहे आणि प्रिन्चिपे रेल्वे स्टेशन चालत काही मिनिटांवर. पालेर्मोलाही गाव समोरच.

चिविताव्हेक्याला जास्त लक्ष लागतं. जहाजापासून बंदराच्या मोफत बसने लार्गो देल्ला पाचे या बसथांब्याला यायचं, तिथून दुसऱ्या बसने किंवा पायी रेल्वे स्टेशन गाठायचं. रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा तास. ट्रेनइटालियाचं प्रादेशिक डिजिटल तिकीट काढलंत तर गाडीत चढण्याआधी ॲपमध्ये ‘चेक-इन’ करावं लागतं. ते केलं नाही तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. त्या क्षणी नेट नसलं तर पंचाईत. ज्याच्या फोनमध्ये ई-सिम आहे, तिकिटं त्याच्याच फोनवर असू द्या. किंवा कागदी तिकीट घ्या आणि फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा.

व्हॅलेटाला जहाज शहराच्या तटबंदीखालीच लागतं आणि वर जायला अप्पर बराक्काची लिफ्ट आहे. बेट छोटं, नेट चांगलं.

नकाशे घरूनच उतरवून न्या. पण गूगलचा ऑफलाइन नकाशा गाडीचाच रस्ता सांगतो; चालत जाण्याचा किंवा बस-मेट्रोचा मार्ग नेट नसताना देत नाही, आणि क्रूझवाला माणूस तर पायीच फिरतो. त्यासाठी ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ घ्या. त्यात पायवाटेचा मार्ग नेटशिवाय निघतो. जहाजाचा धक्का त्यावर पहिल्यांदा खूण करून ठेवा.

जहाजाच्या रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा (जहाज कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीचा) फोन नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो पुरत नाही, कारण बॅटरी संपते. कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. डेटा-ई-सिमला स्वतःचा नंबर नसल्याने साधा कॉल भारतीय सिमवरूनच जाईल, आणि जहाज चुकण्याची वेळ आली तर त्या दराकडे बघू नये. आणीबाणीला ११२ संघात सर्वत्र मोफत लागतो.

डेटा किती लागतो

पायी नकाशा बघत फिरायला तासाला काही एमबीच लागतात. व्हॉट्सॲपच्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी, व्हिडिओ कॉलला पाच किंवा त्याहून जास्त. दहा मिनिटांचे रोज दोन व्हिडिओ कॉल म्हणजे दिवसाला शंभर एमबीच्या वर. खरा डेटा खातात ते न मागता होणारे व्यवहार: फोटोंचा बॅकअप, आपोआप चालणारे व्हिडिओ, आणि घरच्या गटांमधली सुप्रभातची चित्रं. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये ‘रोमिंगमध्ये असताना’ असा वेगळा रकाना आहे, तिथले सगळे टिक काढा. फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. मात्र जोडीदाराच्या फोनला तुमचा हॉटस्पॉट हे वाय-फायच वाटतं. म्हणून त्या फोनमध्ये हे कनेक्शन मोजून मिळणारं (‘मीटर्ड’) आहे असं नोंदवा किंवा आयफोनमध्ये ‘लो डेटा मोड’ लावा.

हॉटस्पॉट देणाऱ्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरते. १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते.

मार्ग बदलला तर

काही फेऱ्यांत व्हॅलेटाऐवजी ट्युनिसचं ला गुलेत बंदर असतं. ट्युनिसिया संघात नाही आणि युरोपच्या बऱ्याच ई-सिममध्येही नसतो. तिथे ‘ऑरेंज’ हे नाव पडद्यावर दिसलं तरी ते स्पेन-फ्रान्सचं ऑरेंज नव्हे. दुसरा धोका घड्याळाचा. ट्युनिसिया उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवत नाही, म्हणून तिथे इटलीपेक्षा एक तास मागे असतात. फोन स्थानिक नेटवर्क पकडताच आपलं घड्याळ एक तास मागे घेतो. जहाज आपल्या घड्याळावर राहिलं असेल, तर तुमच्या फोनमध्ये चार वाजलेले असताना तिकडे पाच वाजलेले असतात आणि शिडी उचलली जाते. फोनमधली ‘आपोआप वेळ’ बंद करून जहाजाची वेळ हाताने लावा. मनगटी घड्याळ याहून बरं.

पुढे कधी ग्रीसकडे गेलात तर सीमेवरचे सिग्नल सांभाळा. कोर्फूच्या उत्तरेला अल्बेनिया अगदी काही किलोमीटरवर आहे. कोस, खिओस, सामोससमोर तुर्कस्तान तितकंच जवळ. फोन समोरच्या देशाचा टॉवर पकडतो, आणि व्होडाफोन तर तिन्ही देशांत आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून कळत नाही. तिथे नेटवर्क हाताने निवडून ग्रीसच्या ‘कॉस्मोटे’वर पक्कं करा. तुर्कस्तानात उतरणार असाल तर ई-सिम आधीच घेऊन बसवा. जुलै २०२५ मध्ये तिथल्या दूरसंचार प्राधिकरणाने अनेक ई-सिम विक्रेत्यांची संकेतस्थळं बंद केली, त्यामुळे तिथे पोचल्यावर विकत घेणं अडू शकतं.

समुद्रातला दिवस

व्हॅलेटा ते बार्सिलोना या पट्ट्यात किनारा दूर असतो, तिथे ई-सिमचा उपयोग नाही. आणि नेमक्या त्याच वेळी परतीच्या विमानाचं वेब चेक-इन उघडतं. काही कंपन्या ४८ तास आधी उघडतात. तसं असेल आणि वेळ जुळत असेल, तर व्हॅलेटातच चौघांचे बोर्डिंग पास काढून फोनमध्ये उतरवून घ्या. २४ तासांची कंपनी असेल तर या एकाच दिवसासाठी, एकाच फोनपुरतं जहाजाचं वाय-फाय घ्यायला माझी हरकत नाही. एका फोनचं पॅकेज बहुधा एका वेळी एकाच फोनवर चालतं, पण पहिल्यातून लॉगआउट करून दुसऱ्यात लॉगिन करता येतं. लॉगआउट न करता पहिला फोन बाजूला ठेवलात तर दुसरा फोन अडतो. चेक-इन, घरी एक फोन, मुलीचं काही कॉलेजचं काम, एवढं एका दिवसात उरकतं. विमान दुसऱ्या दिवशी उशिराचं असेल तर तेही नको. बार्सिलोनाला जहाज लागलं, विमान मोड निघाला, की टर्मिनलवर सामानाची वाट बघताना ई-सिमवर चेक-इन होऊन जातं.